मागचं चाक बघणारी

बाजारात घमेलं घ्यायचं असलं की मल्लव्वा अक्का आधी धोंडे शोधायची. मंद्रूपच्या आठवडी बाजारात भांडीवाल्याच्या पालापुढं ती उकिडवी बसायची, आसपासचे चार धोंडे घमेल्यात टाकायची आणि एकाच काठाला धरून ते उचलायची. काठ वाकला की घमेलं बाजूला, दुसरं पुढं.

भांडीवाला वैतागायचा. "अक्का, घमेलं घ्यायला आलीस का फोडायला?"

"आज फुटलं तर तुज्यासमोर फुटंल. उद्या फुटलं तर माज्या डोईवर फुटंल. तूच सांग, कुटं फुटू दे?"

तो दुसरं घमेलं पुढं सरकवायचा. आजूबाजूच्या बाया मात्र थांबून बघायच्या, आणि अक्कानं बाजूला टाकलेलं घमेलं त्या दिवशी कुणीच घ्यायचं नाही.

लेकीच्या लग्नात लोखंडी पलंग घ्यायला तिनं तिच्याकडं कामाला असलेल्या आम्हा तिघींना सोलापूरला नेलं होतं. पलंग पसंत पडल्यावर म्हणाली, "बसा गं तिगीबी. एकदम बसा, धपकन." भरल्या दुकानात आम्ही तिघी धपकन बसलो. मला तर जमीन फाटून आत जावं असं झालं. अक्का पलंगाच्या पायाशी वाकून कुरकुर ऐकत होती. लेकीच्या घरी तो पलंग अजून आहे म्हणतात.

परवा त्याच लेकीचा विजापूरहून फोन आला. अक्का गेली. फोन ठेवल्यावर कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून हे लिहायला बसले.

अक्का उंच होती, हाडापेरानं मोठी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि कामावर असली की लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचे सदरे तिनं एकेक करून कामातच फाडले. आमच्याशी मराठी बोलायची. राग आला की कानडी. आणि मोजणी कायम कानडीतच, वंदु, एरडु, मूरु. ट्रॉलीत पडलेल्या घमेल्यांची मोजणी तिच्या तोंडात चालू असली की मधे कुणी बोलायचं नाही.

धंदा खताचा होता. माळावर धनगरांचे वाडे असतात, तिथलं मेंढरांचं लेंडीखत ती विकत घ्यायची आणि द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागांना पोचवायची. भरायला आम्ही सात जणी. साखळी करून उभं राहायचं आणि घमेलं हातातून हातात द्यायचं. साखळीत सगळ्यात वाईट जागा ट्रॉलीजवळची, कारण तिथं घमेलं डोक्याच्या वर न्यावं लागतं. त्या जागी अक्का स्वतः उभी राहायची. मालकीण असून उभी राहायची असं लोक म्हणायचे. तिला तसं म्हटलेलं आवडत नसे. "मालकीण हाय म्हनूनच हुबी हाय," एवढंच म्हणायची.

एकदा अक्काला ताप होता म्हणून त्या जागी काशी उभी राहिली. काशी माझ्याहून लहान, घरात तीच एक मिळवती. दुपारपर्यंत तिनं भरलं. मग एक घमेलं वर गेलं आणि ती तशीच हळूच खाली बसली. ओरडली नाही की काही नाही. "उठता येईना गं," एवढंच म्हणाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, यापुढं ओझं उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तापातच कामावर आली. घमेल्यांच्या चळतीवर हात ठेवून म्हणाली, "आता हे बंद. लोडर आणायचा."

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढं दोन लोखंडी हात आणि त्यांना मोठी बादली. बादली ढिगात घुसवायची, वर उचलायची, ट्रॉलीत ओतायची. आमची साखळी अर्ध्या दिवसात करते ते काम तो तासाभरात करतो. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पहिली सुंदरा बोलली. सुंदराच्या जिभेला हाड नव्हतं.

"आन आमी काय करायचं अक्का? लोडरला सकाळ-संध्याकाळ ववाळायचं?"

"लोडर भरंल. चाळायचं कुनी? पोती भरायची कुनी? शिवायची कुनी?" अक्का म्हणाली. "बागायतदार काय म्हनतो ठावं हाय न्हवं? खतात दगूड येतोय, काटं येत्यात. चाळून द्या, पोत्यात द्या. आपन देत न्हाय. का देत न्हाय? भरन्यातच जीव जातोय, चाळायला उरत न्हाय."

"बोलायला सोपं हाय."

"मग ऐक की. लोडर आल्यापासनं ह्या सातातली एक जरी बाई कामाबिगर घरी बसली, तर मला अक्का म्हनू नका. मल्ली म्हना."

कुणी हसलं नाही. ती असं काही बोलली की ते करायची, हे आम्हाला माहीत होतं. पण या खेपेला ते तिच्या हातात होतं की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. मोठं खोदायचं यंत्र भाड्यानं मिळायचं, पण ते त्याच्या मालकाच्या सवडीनं यायचं आणि वाड्यांकडच्या बोळकांडी वाटांत मावायचंही नाही. पाहिजे होता तो ट्रॅक्टरच, आणि तो असा की वर्षानुवर्षं मरणाचं उचलेल. एकच घेता येणार होता. तो चुकला तर पुन्हा घमेलं, नाहीतर आम्ही सात जणी घरी.

आणि पहिल्याच खेपेला तो चुकला. चूक अक्काचीच होती.

तिचा धाकटा भाऊ इराप्पा टेंभुर्णीला राहायचा. त्याचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढायचा, दोन ट्रॉल्या एकदम. आमच्या भागात ट्रॅक्टरची ताकद कशी बघतात, तर ओझं ओढताना त्याचं नाक किती वर उठतं यावर. इराप्पाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर हातभर वर यायची आणि तो तसाच गाडी काढायचा. पोरं मोबाइलवर फोटो काढायची. हंगाम संपला की त्या ट्रॅक्टरला गोंडे, हार, गुलाल. आम्हालाही त्याचं कौतुक होतं. दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्याला बादलीभर खत म्हणजे काय, असं सगळ्यांनाच वाटलं. अक्कालाही. इराप्पानं हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर दिला. बंद पडलेल्या वीटभट्टीवरचा जुना लोडर मिळाला, तो गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बसवला.

आठ दिवस सगळं छान चाललं. वाळलेलं लेंडीखत, हलकं. बादली वर, बादली खाली. इराप्पा गाणं म्हणत चालवायचा. अक्का लांबून बघायची आणि मान हलवायची. त्याला म्हणाली, "हाच इकतोस का? इकत घेते." तोही कबूल झाला.

नवव्या दिवशी कारखान्याची मळी आली. ऊस गाळून उरते ती काळी, ओली, चिकट मळी. खतात मिसळायला अक्कानं मागवली होती. इराप्पानं बादली गच्च भरली, पार वर उचलली आणि ट्रॉलीकडं निघाला. जमिनीला जरासा उतार होता. ट्रॅक्टरचं बूड वर उठताना मी बघितलं. मागची मोठी चाकं जमीन सोडून हवेत फिरायला लागली. इराप्पा ब्रेकवर उभा राहिला, तरी ट्रॅक्टर तसाच पुढं. पुढं काशी बसली होती, पट्टा बांधून, पोती शिवत. तिला झटकन उठता येत नव्हतं. सुंदरानं तिच्या काखेत हात घालून तिला फरपटत बाजूला ओढलं. बादली ट्रॉलीच्या फळीवर आदळली, ट्रॉली मागं सरकली आणि ट्रॅक्टरचं बूड धाडकन खाली आलं.

कुणाला काही झालं नाही. काशीच्या पाठीला तेवढी माती लागली होती, तीही सुंदरा झटकत होती आणि झटकताना शिव्या देत होती.

इराप्पा खाली उतरला तेव्हा पांढराफटक झाला होता. "बिरेक लागला न्हाय गं अक्का. बिरेक चांगला हाय. कालच तपासलाय."

अक्कानं आधी काशीला पाणी दिलं. मग मागच्या चाकाजवळ उकिडवी बसली आणि बराच वेळ त्या चाकाकडं बघत राहिली. आम्ही वाट बघत होतो की आता ही कानडीत सुरू होणार. पण उठली ती मराठीतच बोलली.

"चूक माजी हाय. घमेलं घेताना धोंडं टाकते, आन ट्रॅक्टर घेताना लेंड्या टाकून बघितलं."

गावात हसायला विषय झाला. बाईमाणसानं यंत्राच्या नादाला लागू नये, असं चावडीवर दोघे-तिघे म्हणाले. ते अक्काच्या कानावर गेलं. चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. "शेवंते, चल. सोलापूरला जायाचं हाय. तुला वाचाया येतं."

मी चौथी शिकलेली. पण अक्काला कानडी अक्षरं थोडी यायची, मराठी नाही, आणि आमच्यात वाचता येणारी मीच. मी म्हटलं, मला यंत्रातलं काय कळतंय. ती म्हणाली, "कळायचं माजं मी बघते. तू नुसतं वाच."

अक्कलकोट रस्त्याला रसूलभाई मिस्त्रींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं मोठं आवार. लोडर बनवणं आणि बसवणं हेच त्यांचं काम. अक्कानं सगळी हकिकत सांगितली, एक शब्द न लपवता. म्हाताऱ्या रसूलभाईंनी हात पुसले आणि आवारातल्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"बैठो अक्का. तुमचा भाईचा ट्रॅक्टर बुरा नै. वो खींचने का ट्रॅक्टर है. तुमकू उठाने का पाहिजे."

"दोनी एकच की. ताकद ती ताकद."

"नै नै. देखो." त्यांनी एक लोखंडी पहार उचलली आणि मधे बोट लावून तोलली. "ऊस मागे लटकता, वजन मागच्या चक्क्यावर. चक्का जमीन पकडता. लोडर नाकपर बैठता. बादली उप्पर गई, मागे का वजन गायब. और ब्रेक कहां है? मागच्या चक्क्यालाच. चक्का हवा में, तो ब्रेक किसकू लगेगा?"

अक्कानं पहार घेऊन स्वतः तोलून बघितली. मग म्हणाली, "हौदु." हा तिचा कानडीतला होकार होता. तो तोंडातून निघाला म्हणजे तिला मुळापासून पटलं.

त्या दिवशी ती तिथून दुपार कलली तरी उठेना. विचारत राहिली. पुढचा एक्सल कसला पाहिजे, जाड का पाहिजे. पुढच्या चाकांनाही ताकद देणारा ट्रॅक्टर का घ्यायचा. रसूलभाई म्हणाले, त्यात पुढची चाकं खेचतातही आणि ब्रेकला मदतही करतात. स्टिअरिंगला तेलाची मदत पाहिजे, नाहीतर भरल्या बादलीनं चालवणाऱ्याचे खांदे जातात. लोडर दिवसातून शेकडो वेळा पुढं-मागं होतो, म्हणून पुढं-मागं करायचा दांडा हाताशी पाहिजे, नाहीतर क्लच जळतो. तेलाचा पंप जोरकस पाहिजे, म्हणजे बादली रेंगाळत नाही. वजनासाठी मागच्या टायरात पाणी भरायचं. आणि एवढं सगळं केलं तरी मागं सिमेंटचा ठोकळा लटकवल्याशिवाय ढिगाला हात लावायचा नाही.

"आन घोडं किती पायजेत?" अक्कानं विचारलं. ट्रॅक्टरची ताकद घोड्यांत मोजतात.

"वो सबसे आखिर में पूछना," रसूलभाई म्हणाले. "सब लोगां पहिले वोच पूछते."

परत येताना एसटीत अक्का बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं जप करतेय. मंद्रूप आल्यावर तिनं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, एकही गोष्ट न सोडता. वाचायला म्हणून मला नेलं होतं, मी सगळं लिहूनही घेतलं होतं, पण ते तिनं एकदाही विचारलं नाही.

इराप्पाला हे काही पटलं नाही. त्याच्या मनात साठ घोड्यांचा एक मोठा ट्रॅक्टर होता, उंच, नुसत्या मागच्या चाकांवर चालणारा. "लोक बघत राहतील अक्का," म्हणायचा. तिनं वाद घातला नाही. "चल रसूलभाईकडं," म्हणाली, "बघूनच ठरवू." त्यांच्या आवारात दुरुस्तीला आलेले लोडरचे ट्रॅक्टर कायम उभे असतात. त्या दिवशी इराप्पाच्या मनातला तसाच एक होता, आणि दुसरा पन्नास घोड्यांचा, बुटका, चारी चाकांत ताकद असलेला.

अक्कानं घरून म्हशीचं दावं आणलं होतं. पिशवीतून ते काढलं आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापुढं आडवं टाकलं. "ह्याच्यावर चाक आना." चाक दाव्यावर आलं. दाव्याचं टोक माझ्या हातात. "आता बादली भरा. वाळू वलवून भरा. वाळलेली चालायची न्हाय."

आवारातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. मला मान वर करवेना. बादली वर जायला लागली. अक्का म्हणाली, "ओढ."

दावं हललं नाही. बादली अजून वर गेली. "ओढ की गं, भाकरी खाल्लीस न्हवं?"

मी ओढलं आणि दावं सरकन माझ्या हातात आलं. मी मागं पडतापडता वाचले. लोक हसले. इराप्पा हसला नाही. चाकावरचं वजन गेलं म्हणून दावं निघालं, हे त्याला कळलं होतं. त्यानं ती मळीची बादली स्वतः चालवली होती.

मग बुटका. मागं ठोकळा न लावता आधी बघितलं. बादली पूर्ण वर गेल्यावर दावं जरासं हललं, वीतभर सरकलं. अक्कानं मान हलवली. "ठोकळा लावा." सिमेंटचा ठोकळा लावला. पुन्हा ओली वाळू, पुन्हा बादली आभाळाला. मी दोन्ही पाय रोवून ओढलं. मग इराप्पानं येऊन माझ्याबरोबर ओढलं. दावं चाकाखाली जणू पुरलं होतं.

"घोडं कमी हायत," इराप्पा हळूच म्हणाला.

"असू दे. सगळी घोडी भुईवर हायत," अक्का म्हणाली.

ट्रॅक्टरच्या दुकानात जायला अक्का, इराप्पा आणि मी. विकणारा तरुण इराप्पाशीच बोलत होता. अक्काला म्हणाला, "मावशी, तुम्ही आत पंख्याखाली बसा, चहा घ्या. मालकांना मी दाखवतो."

"मालक मीच हाय. चा पन मीच पिनार. आदी सांग, पंप मिनटाला किती तेल फेकतो?"

तो चाचरला. असं कुणी विचारत नाही, म्हणाला. पुस्तिका आणून दिली. अक्कानं ती माझ्यापुढं धरली. मी हळू आवाजात वाचायला लागले.

"मोठ्यानं वाच शेवंते. चोरून आनलीय का?"

मी मोठ्यानं वाचलं. पंपाचं तेल, पुढच्या एक्सलवर चालणारं ओझं, नुसत्या ट्रॅक्टरचं वजन. तेलात बुडालेले ब्रेक. काही शब्द मला जमले नाहीत, ते त्या तरुणानं सांगितले, आणि सांगतासांगता तो अक्कासमोर खाली बसून तिला दाखवायला लागला. शेवटी स्वतःच म्हणाला, "मावशी, लोडरलाच घेणार असाल तर त्या मोठ्यापेक्षा हाच घ्या. खरं सांगतो, आम्हालाही तो मोठा विकायला सोपा जातो, म्हणून आम्ही तोच दाखवतो."

"आता खरं बोललास," अक्का म्हणाली. "चा आन."

ट्रॅक्टर आला. रसूलभाईंनी लोडर बसवून दिला आणि ठोकळा स्वतःच्या हातानं ओतून दिला. इराप्पाला वाटत होतं चालवायला त्यालाच बोलावणार. अक्कानं त्याला महिनाभर ठेवलं, पण शिकवायला. पहिली शिकली ती स्वतः. वय साठीला टेकलेलं. सुरुवातीला तिनं गोठ्याची भिंत पाडली आणि उतरून म्हणाली, "भिंतीत दमच नव्हता." मग सुंदराला शिकवायला लावलं.

इराप्पा नाराज झाला. "बाहेरचा डायवर ठेव की. बायांच्या मागं कशाला लागतीस?"

"बाहेरचा डायवर उद्या म्हनंल, म्या एकटा दहा बायांचं काम करतो, बाया कशाला? सुंदरा तसं म्हनंल का?"

सुंदरा वर बसली होती. म्हणाली, "म्हनीन की. पगार वाढवला न्हाय तर म्हनीन."

"बघ," अक्का इराप्पाला म्हणाली, "तोंड उगडलं की आपलीच वाटते."

तरी पहिले काही आठवडे वाईट गेले. लोडर फार भरभर भरायचा. दुपारपर्यंत ट्रॉल्या निघून जायच्या आणि आमच्यातल्या तिघी हात बांधून बसायच्या. चाळलेलं खत पोत्यात भरून पडलं होतं, पण बागायतदारांना अजून सवय नव्हती. 'मल्ली' हा शब्द सगळ्यांच्या मनात होता. अक्काच्याही. त्या दिवसांत ती रोज सकाळी पोतं काखेत मारून एसटीनं सोलापूरला जायची. रोपवाटिका, गच्चीवर कुंड्या लावणारे, शाळांच्या बागा. पायात भेगा पडल्या. संध्याकाळी आली की पाय पाण्यात घालून बसायची. आज किती पोती गेली ते सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी किती भरायची तेवढं सांगायची, वंदु, एरडु, मूरु. तो आकडा रोज थोडा वाढत गेला. द्राक्षाच्या छाटणीच्या आधी एक दिवस असा आला की सात जणी पुरेनात आणि अक्कानं आठवी बाई ठेवली. त्या दिवशी ती चाळणीपाशी येऊन नुसती आम्हाला बघून गेली.

काशी बसून पोती शिवायची. तिच्याइतकी सरळ शिवण कुणाची नव्हती.

पुढं काही वर्षांनी अक्काची साखर वाढली आणि ती डोळ्यांवर आली. आधी म्हणायची धुरकट दिसतंय, मग म्हणायची माणूस दिसतं, तोंड दिसत नाही. ट्रॅक्टरवरून ती आपली आपण उतरली, कुणी सांगायच्या आधी. लेक विजापूरहून चार वेळा न्यायला आली, चारही वेळा अक्का कानडीत "बेडा" म्हणाली, म्हणजे नको. पाचव्या वेळी जावई जीप घेऊन आला. सुंदरानं हिशोब सांभाळायचं कबूल केलं, मी वाचायचं, आणि अक्का जायला तयार झाली.

त्या सकाळी एका मोठ्या ट्रकमध्ये मळीमिसळ खत भरायचं होतं, ओलं आणि जड. आम्ही म्हटलं, आज काम बंद ठेवू, अक्काला रस्त्यापर्यंत पोचवू. ती भडकली. कानडीत. काम सुरू करायला लावलं. आम्ही एकेक करून जीपजवळ जाऊन तिच्या पाया पडलो आणि परत चाळणीवर आलो. तिनं प्रत्येकीच्या तोंडाला हात लावून ओळखलं. काशीच्या कमरेला हात लावून ओळखलं, पट्टा चाचपून. सुंदरा ट्रॅक्टरवरून उतरलीच नाही. उतरले असते तर रडले असते, असं ती नंतर म्हणाली.

जीप सुरू झाली आणि आवारातून वळायला लागली. नेमकी तेव्हाच सुंदरा ढिगाकडून भरली बादली घेऊन निघाली होती. ट्रक लांब उभा होता. डोळे पुसण्याच्या नादात असेल, पण बादली तिनं वरच ठेवली होती. भरली बादली घेऊन चालताना ती गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवायची असते आणि ट्रकजवळ गेल्यावरच वर न्यायची, हे सुंदरा झोपेतही विसरत नव्हती.

अक्काला तोंडं दिसत नव्हती. पण आभाळात चाललेलं ते काळं ओझं तिला दिसलं असणार. जीपच्या खिडकीतून तिचा लांब हात बाहेर आला, विटक्या सदऱ्याच्या बाहीतला. तळवा खाली करून तिनं तो दोनदा दाबला. खाली. खाली.

सुंदरानं दांडा ओढला. बादली हळूहळू खाली आली, गुडघ्याएवढी. ट्रॅक्टर संथ पुढं निघाला. जीप फाटकातून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागली, आणि बादली ट्रकजवळ पोचेपर्यंत तो हात बाहेरच होता.